कारणाचा रकाना

इंदापूरच्या माळावर तंबू ठोकलेला आहे. साल 1836. तुमच्या डोक्याला मुंडासं आहे, पायांत काही नाही, आणि आत कधी बोलावतात याची वाट बघत तुम्ही सकाळपासून उकिडवे बसला आहात. आत गोल्डस्मिड साहेब आहे. त्याची साखळीवाली माणसं मागे तुमच्या रानातून फिरून गेली. त्यांनी बांध मोजले, माती चिमटीत घेऊन पाहिली, खडक किती हातांवर लागतो ते विचारलं. आता तुमचं नाव पुकारलं जातं.

"शेत कुणाच्या नावचं?"

"बापाच्या."

"बाप कुठाय?"

"गेला जी. पौषात गेला."

कारकून बोरू दौतीत बुडवतो आणि बापाच्या जागी तुमचं नाव लिहितो. बाप कसा गेला, किती दिवस अंथरुणाला खिळून होता, वैद्याला दाखवला होता का, यातलं तो काही विचारत नाही. तुम्हीही सांगत नाही. मागे रांग आहे, ऊन चढलंय आणि बापाच्या मरणाला या कागदावर जागा नाही.

मुंबई इलाख्यातली नव्या पाहणीची रयतवारी जमाबंदी पहिल्यांदा बसली ती याच तालुक्यात. पुढची तीस वर्षं सारा वाढणार नाही असं वचन देऊन. गंमत अशी, की त्याच 1836 साली लंडनच्या पार्लमेंटने जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा केला, आणि 1837 च्या जुलैपासून इंग्लंड-वेल्समध्ये मेलेल्या माणसाची नोंद सरकारी वहीत होऊ लागली. साहेबाने स्वतःच्या देशात माणसं मोजायला घेतली आणि आपल्याकडे शेतं. यात कपट शोधत बसायचं कारण नाही. त्याला इथून सारा हवा होता, आणि साऱ्याला वारस लागतो, मरणाचं कारण लागत नाही.

आता चाळीस वर्षं पुढे या. 1877. पाऊस दडी मारून बसलाय, भीमथडीच्या बाजारात जोंधळा दिसत नाही, आणि तुम्ही नीरेच्या डाव्या कालव्याच्या दुष्काळी कामावर माती वाहताय. बारामतीची आज जी हिरवाई दाखवतात, तिच्या मुळाशी ही टोपली आहे. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीची जी पातळी ठरवली, ती माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे अशी होती. एवढ्यावर दिवसभर माती उपसता येत नाही म्हणून तेव्हा पुण्या-सोलापूरकडच्या मजुरांनी कामं सोडली होती. तो संप इतिहासात आहे.

कामावर जाताना वाटेत, बाभळीखाली, एक म्हातारी पडलेली दिसते. ती कुणाच्या गावची, कुणाला ठाऊक नाही. पाटील येतो. 1867 च्या ग्रामपोलीस कायद्याने त्याच्यावर जबाबदारी टाकली आहे, की बेवारस प्रेत सापडलं, कुणी अचानक किंवा संशयास्पद रीतीने मेलं, तर गावातले दोन किंवा अधिक समजूतदार लोक जमवायचे, प्रेत पाहायचं आणि मरण कशाने आलं ते लिहून वर कळवायचं. पाटलाची नजर फिरते आणि तुमच्यावर थांबते. तुम्ही आता पंच आहात.

तुम्ही खाली वाकता. अंगावर वार नाही, वळ नाही. पोट पाठीला लागलंय, हाताच्या कांबीवर कातडं सैल लोंबतंय. तोंडाशी कसल्या तरी पाल्याचा हिरवा रंग आहे.

"भुकेनं मेली," तुमच्या शेजारचा म्हणतो.

"भूक कशी लिहायची रे?" पाटील त्याच्याकडे बघत नाही. "मामलेदार विचारील, काम चालू असताना भूक कसली? हगवण लावा."

पाटील दुष्ट नाही. त्याच्यापुढच्या छापील तक्त्यात पटकी आहे, देवी आहे, ताप आहे, पोटाचे विकार आहेत, इजा आहे, आणि उरलेलं सगळं 'इतर' आहे. भुकेला रकानाच नाही. आणि मरणाआधी तिला हगवण लागली असेल हे खोटंही नाही. उपाशी माणसाला शेवटी लागतेच. म्हणजे लिहिलेलं खरं आणि सांगितलेलं अर्धवट. हा प्रकार पुढे दीडशे वर्षं तुमचा पिच्छा सोडणार नाही, तेव्हा या म्हातारीचा चेहरा ध्यानात ठेवा.

त्या दुष्काळात दुसरं कुणी पाहत नव्हतं असं मात्र नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि दुष्काळाची वृत्तांतपत्रं सरकारला एकामागून एक धाडली. मरणाच्या सरकारी हिशेबावर बिगरसरकारी नजर पडल्याचं आपल्या भागातलं हे मला दिसणारं पहिलं ठळक उदाहरण. सभेकडे डॉक्टर नव्हते आणि अधिकारही नव्हता. होती ती फक्त चिकाटी.

मुंबई शहरात तोवर संशयास्पद मरणाची चौकशी करणारा कॉरोनर बसला होता. 1871 चा कायदा, वेगळं कार्यालय, ज्यूरी. हे पद 1999 मध्ये रद्द होईपर्यंत टिकलं. बारामती-इंदापूरला कॉरोनर कधीच मिळाला नाही. इथे पाटील, फौजदार आणि पंच एवढंच.

1918, आश्विन महिना. तुम्ही गावचे वेसकर आहात. मर्तिकाचा सांगावा पोचवणं हे महारकीचं काम, आणि या महिन्यात तुम्हाला दुसरं कामच उरलेलं नाही. भल्या सकाळी तुम्ही वाड्याच्या पायरीखाली उभे राहता.

"जोहार, पाटील."

"आज किती?"

"तीन जी. वरच्या आळीत दोन, मळ्यात एक."

आत कुलकर्णी मोडीत वही लिहितो. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय. मग मान वर न करता विचारतो, "कशानं?"

"ताप."

तो 'ताप' लिहितो. तिघांच्याही पुढे ताप. कालच्या चौघांपुढेही तापच आहे.

तुम्ही त्या घरांत जाऊन आला आहात. तुम्ही पाहिलंय, की म्हातारी माणसं उठून बसतायत आणि पंचविशीतले गडी तिसऱ्या दिवशी जातायत. मळ्यातली ती सात महिन्यांची पोटुशी होती. तिच्या नाकातून रक्ताचा फेस येत होता आणि ओठ जांभळासारखे काळेनिळे पडले होते. पटकीत असं होत नाही, हिवतापात असं होत नाही, हे तुम्हाला कळतं, कारण गावातलं प्रत्येक मरण तुमच्या डोळ्यांखालून जातं. पण तुम्हाला पायरी चढता येत नाही आणि बोरू हातात धरता येत नाही. ज्याने मरण पाहिलं त्याला लिहिता येत नव्हतं, आणि ज्याला लिहिता येत होतं तो त्या घरात गेलाच नव्हता. साथीचा आजार समजायला जे काही लागतं ते तुमच्या डोक्यात होतं, वहीत फक्त तीन अक्षरं गेली... खरं तर दोनच.

त्या वर्षी मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाने दहा लाखांच्या आसपास माणसं गेली असं म्हणतात. हा आकडा वह्यांत लिहिलेला नाही. नेहमीच्या वर्षी तापाने जितके मरतात त्यापेक्षा त्या वर्षी किती जास्त मेले, अशी वजाबाकी करून तो मागाहून काढावा लागला. डोळ्यांदेखत गेलेल्या माणसांची गणती अशी वजाबाकीने करावी लागणं हा त्या 'ताप' नावाच्या रकान्याचा प्रताप.

त्या वह्या अजून आहेत. गाव नमुना 14, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. क्षणभर 2023 च्या हिवाळ्यात डोकवा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मोडी जाणणारा माणूस भिंग घेऊन बसलाय, फोटो काढले जातायत, बाहेर लोक ताटकळतायत. न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यानंतर कुणबी नोंदी शोधायचं काम गावोगाव सुरू झालं, आणि त्यात मृत्यूच्या या वह्या सोन्याच्या भावाच्या ठरल्या. शंभर वर्षं कुणी न उघडलेलं पान उघडलं गेलं ते जातीच्या रकान्यासाठी. शेजारच्या 'कशाने' या रकान्यावर कुणाची नजर थांबली असेल तर मला आनंदच होईल.

1970 ला फार थांबायचं कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा केंद्रीय कायदा 1970 च्या 1 एप्रिलपासून महाराष्ट्रात लागू झाला. गावात निबंधक झाला ग्रामसेवक, शहरात नगरपालिका. मुदतीत कळवलं तर नोंद फुकट. तुम्ही भवानीनगरच्या कारखान्यावर उसाची मोळी टाकून परत येताना चावडीवर थांबता, आजीचं नाव सांगता. "काय झालं होतं?" "वय झालं होतं." ग्रामसेवक 'वृद्धापकाळ' लिहितो. दाखला मिळतो, त्यावर कारण छापलेलं नसतं, कारण उताऱ्यावर मृत्यूचं कारण उघड करायचं नाही असं कायद्याच्या 17 व्या कलमातच आहे. हेतू चांगला, घरची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये. परिणाम असा, की घरात कुणालाच कळत नाही आजीच्या नावापुढे सरकारदरबारी काय लिहिलंय. तुम्ही दाखला तलाठ्याला देता, वारसनोंद होते, सात-बारा सरळ होतो. 1836 चा तो कारकून इथे असता तर समाधानाने घरी गेला असता.

2021, एप्रिल. बारामती.

वर्षभरापूर्वी कोविड रोखण्याचा 'बारामती पॅटर्न' म्हणून गावाचं नाव पेपरात येत होतं. आता दुसरी लाट आहे आणि तुम्ही वडिलांना घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे फिरताय. पहिली चाचणी निगेटिव्ह. सीटी स्कॅनचा स्कोअर 18. बेड मिळतो, ऑक्सिजन मिळतो, पाचव्या दिवशी वडील जातात. हातात कागद येतो, त्यावर 'न्यूमोनिया' आणि त्याच्या वर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. त्या वेळी तुम्ही कागद वाचतही नाही. घडी घालून खिशात ठेवता.

सप्टेंबरात वाचता. सर्वोच्च न्यायालयाने 30 जूनला निकाल दिला, केंद्राने 3 सप्टेंबरला कोविड मृत्यूच्या दाखल्याचे नियम काढले, आणि त्याच महिन्यात कोविडने गेलेल्याच्या वारसाला 50,000 रुपये ठरले. आता त्या कागदावर 'कोविड' हा शब्द नाही हे तुमच्या लक्षात येतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला अशी एक जागा दिसते, जिथे जाऊन म्हणता येतं की डॉक्टरने लिहिलेलं कारण मला मान्य नाही, पुन्हा बघा. जिल्हा पातळीची समिती, तीत अतिरिक्त जिल्हाधिकारी, आरोग्य खात्याचे अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयातला तज्ज्ञ. चाचणी नसली तरी रुग्णालयात दाखल असताना तपासण्यांवरून निदान झालं असेल तर ते धरायचं, असं नियमात स्पष्ट होतं. तुम्ही स्कॅनची फिल्म, केसपेपर, औषधांची बिलं जोडून अर्ज भरता.

ही समिती काही आभाळातून पडली नव्हती. 2020 च्या जूनमध्ये राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे ताळा करून पाहिले तेव्हा आधी न धरलेले 1,328 कोविड मृत्यू एका दिवसात यादीत आले, त्यातले 862 एकट्या मुंबईचे. दुसऱ्या माणसाने वही पाहिली की आकडा बदलतो, याचा एवढा ढळढळीत पुरावा सरकारने स्वतःच दिल्यावरही ही व्यवस्था फक्त कोविडपुरती राहिली. पैशांचा प्रश्न मिटला, समित्या थंडावल्या.

आता इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर चला. परवाचा पावसाळा. या वेळी तुम्ही डॉक्टर आहात, आणि इथे जरा वेळ थांबायचं आहे.

सकाळचे साडेसहा. दार वाजतं. "डॉक्टरसाहेब, चला लवकर, आमचा दाजी उठना झालाय." तुम्ही मोटारसायकलवर मागे बसता. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये डाळिंबाची बाग, पुढे पत्र्याचं घर. अंगणात वीस-पंचवीस माणसं जमलीत आणि कुणीतरी बांबू आणायला गेलंसुद्धा. आत सतरंजीवर 45 वर्षांचा गडी आहे. बुबुळांवर उजेड टाकता, छातीला नळी लावता, हनुवटी हलवून बघता. जबडा आवळत चाललाय. म्हणजे जाऊन काही तास झाले.

"झोपेत गेला बघा," मोठा भाऊ सांगतो. "अटॅकच असणार. तुमच्याकडं येऊन गेला होता की मागं."

आला होता. तीन महिन्यांपूर्वी, ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन गेला होता. शेवटच्या आजारात तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. पुढची ओढाताण इथेच सुरू होते, कारण कायदा म्हणतो की कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं ते शेवटच्या आजारात ज्याने उपचार केले त्याने.

तुमच्या बॅगेत नमुना 4-अ आहे. रुग्णालयाबाहेर झालेल्या मृत्यूसाठीचा. पहिल्या भागात तीन ओळी. पहिलीत मृत्यू ज्याने ओढवला ते, दुसरीत ते ज्यामुळे झालं ते, तिसरीत या सगळ्याच्या मुळाशी असलेला आजार. प्रत्येक ओळीपुढे सुरुवात आणि मृत्यू यांत किती काळ गेला तो लिहायला जागा. दुसऱ्या भागात मधुमेहासारखे हातभार लावणारे आजार. सूचना अशी, की हृदय बंद पडलं, श्वास थांबला असं लिहू नका. ते प्रत्येक मेलेल्या माणसाचं होतं. आणि तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यातले जुने फॉर्म चाळा, पहिल्या ओळीत कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट दिसेलच. तो शब्द कुणाला दुखवत नाही, कुणाला कोर्टात नेत नाही. 1918 च्या 'ताप'चा हा इंग्रजी शिकलेला नातू.

तुम्ही सही करून निघू शकता. सगळ्यांना तेच हवंय. पण आत चुलीपाशी बसलेली त्याची बायको सासूला काहीतरी सांगतेय आणि तुमच्या कानावर पडतं: "रात्री पोटात लई दुखतंय म्हणत हुते. डोळं उघडंनात. मला वाटलं झोप आलीय."

तुम्ही पुन्हा खाली बसता. सतरंजी जमिनीवर आहे, खाट नाही. भिंतीला लागून सरपण आहे. तुम्ही तोंडाचा वास घेता, फवारणीच्या औषधाचा उग्र दर्प येत नाही. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालेली नाहीत. पाय, घोटे, बोटांच्या बेचक्या, कानामागचा भाग, मान, सगळं टॉर्च लावून बघता. काही दिसत नाही. दिसायलाच हवं असंही नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूण मुंगी चावल्याइतकीही नसते. पोटात कळा, जड पापण्या, मग श्वासाचे स्नायू थकतात. सकाळी घरचे म्हणतात, झोपेत गेला, भाग्यवान.

"पीएम करावं लागेल," तुम्ही म्हणता.

अंगण गप्प होतं. मग भावकीतला एक जाणता माणूस पुढे येतो, आवाज अगदी मऊ. "डॉक्टरसाहेब, मेल्यावर आता चिरफाड कशाला त्याची? पोरं ल्हान हैत. पोलीस येणार, जबाब होणार, गावात नाही नाही ते बोलणार. तुम्ही आमचं घरचं माणूस." या शेवटच्या वाक्यात विनंती आहे आणि हिशेबही आहे. याच वस्तीवरचे चाळीस उंबरे तुमचे पेशंट आहेत. सही नाकारली तर पुढच्या चौकातला डॉक्टर आहेच.

सही केली तर काय होईल? दुपारपर्यंत सगळं उरकेल. ग्रामपंचायतीत 'हृदयविकार' जाईल. त्या बाईला शेतकरी अपघात योजनेतून मिळू शकणारे दोन लाख जातील, कारण सर्पदंश त्या योजनेत बसतो आणि हृदयविकार बसत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच सरपणाशेजारी पोरं झोपतील. आणि तालुक्याच्या सर्पदंशाच्या आकड्यात एक कमी धरला जाईल, मग प्रतिविष कुठल्या आरोग्य केंद्राला किती द्यायचं याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधला जाईल.

नाही केली तर ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होईल, पंचनामा होईल, देह इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जाईल. बायका दिवसभर दारात बसतील. आणि इतकं करून अहवालात 'कारण राखून ठेवले, व्हिसेरा जतन' असंही येऊ शकतं. मण्यारीचं विष शवविच्छेदनाच्या टेबलावर हात वर करून हजर होत नाही. ते तुम्हाला पक्कं माहीत आहे, म्हणून तर हा निर्णय इतका जड आहे. चुलीपाशी ऐकलेलं वाक्य हाच यातला सगळ्यात मोठा पुरावा, आणि तो लिहून घ्यायला 4-अ वर जागा नाही.

गंमत म्हणजे अशी वाक्यं लिहून घेणारी एक व्यवस्था देशात होती. महानिबंधकांच्या नमुना नोंदणी योजनेतून, 2001 पासून, 'मिलियन डेथ स्टडी' नावाने. प्रशिक्षित माणूस मेलेल्याच्या घरी जातो, काय झालं ते घरच्यांच्या शब्दांत उतरवून घेतो. ती हकीकत दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचतात आणि आपापलं कारण ठरवतात. जमलं नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निकाल देतो. या पद्धतीने काढलेला अंदाज असा निघाला, की 2000 ते 2019 या काळात भारतात 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, वर्षाला सरासरी 58,000. सरकारी दवाखान्यांच्या नोंदींत यातला अगदी थोडा भाग होता. उरलेले कुठे होते? 'हृदयविकार', 'ताप', 'माहीत नाही'. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना सर्पदंश नोंदवण्याजोगा आजार म्हणून जाहीर करायला सांगितलं. ते झालं ते कुणीतरी अंगणात बसून ऐकून घेतलं म्हणून. पण हा सगळा नमुन्याचा खेळ. तुमच्या वस्तीवर तो माणूस आलाच असेल असं नाही, आणि आला तरी त्या दोन डॉक्टरांनी काय ठरवलं हे त्या बाईला कळणार नाही.

तुम्ही ठाण्याला फोन लावता. मोठा भाऊ तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो. परतताना मोटारसायकल देणारं कुणी नाही.

एक दालन मात्र असं आहे जिथे घरच्यांना ऐकून घेतात. पुन्हा वेष बदला. आता तुम्ही बाळंतपणात गेलेल्या मुलीचे वडील आहात आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे माता मृत्यू अन्वेषणासाठी बसला आहात. आशाताईंनी 24 तासांच्या आत मृत्यू कळवला, मग आरोग्य केंद्राची माणसं घरी येऊन हकीकत लिहून घेऊन गेली. आज तुमचं बोलणं आधी ऐकतील, मग तुम्हाला बाहेर बसवून डॉक्टर मंडळींना विचारतील. कळा कधी सुरू झाल्या? निघायचं कधी ठरलं? गाडी किती वाजता आली? पहिल्या दवाखान्यातून पुढे कधी पाठवलं? रक्त कधी मिळालं? निघायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर, अशा तीन उशिरांत सगळं बसवून पाहतात. शिक्षा करायला ही समिती नाही. कुठे अडलं ते कळायला आहे. 2010 पासून ही पद्धत देशभर आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या मृत्यूच्या तपासण्यांत सगळ्यात शहाणी हीच. फक्त तिच्या दारातून आत यायला बाई असावं लागतं, आणि गरोदर किंवा बाळंतीण असावं लागतं. बालमृत्यूंसाठी तिची धाकटी बहीण आहे. 2024 च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी वाटेवर बोट उलटून सहा जण बुडाले, तशा घटनेचा पंचनामा होतो, बातमी होते. पण 45 वर्षांचा गडी झोपेत गेला तर त्याच्यासाठी कुठलंच दालन नाही.

मृत्यूचं कारण दुसऱ्या डॉक्टरनेही तपासावं, ही जाग इंग्लंडला यायलाही एक भयंकर प्रकरण घडावं लागलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात हॅरॉल्ड शिपमन नावाचा लोकप्रिय फॅमिली डॉक्टर आपल्याच पेशंटना इंजेक्शन देऊन मारत होता आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर स्वतःच सही करत होता. 2000 मध्ये त्याला 15 खुनांबद्दल शिक्षा झाली. चौकशीत बळींची संख्या 215 निघाली. तरी तसा कायदा अमलात यायला 2024 चा 9 सप्टेंबर उजाडला. आता तिथे कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू, उपचारांशी संबंध नसलेला दुसरा डॉक्टर तपासतो आणि घरच्यांशी बोलतो, मगच नोंद होते.

आपल्याला शिपमनची भीती बाळगायची गरज नाही. आपला प्रश्न खुनी डॉक्टरचा नाही, एकट्या डॉक्टरचा आहे. भावकीच्या गराड्यात उभ्या असलेल्या त्या माणसाला "मी लिहिलं तरी वर कुणीतरी बघणार आहे" एवढं म्हणता आलं असतं तर त्याचं निम्मं ओझं उतरलं असतं. 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्क्यांना वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. म्हणजे चारांतल्या तिघांच्या बाबतीत दुसरी नजर सोडा, पहिलीही नाही.

बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे न्यायवैद्यक विभाग आहे, सामाजिक वैद्यक विभाग आहे, शिकणारी मुलं आहेत. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत घरी होणाऱ्या मृत्यूंचे फॉर्म महिन्याला या दोन विभागांपुढे ठेवावेत, शंका येईल तिथे आशाताईंबरोबर कुणीतरी घरी जाऊन हकीकत लिहून घ्यावी, आणि निघालेलं कारण घरच्यांना सांगावं. याला नवा कायदा लागत नाही. तालुका आरोग्य अधिकारी आणि अधिष्ठाता एका टेबलावर बसले तरी सुरुवात होईल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या हातात असलेली एक गोष्ट. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे, मृत्यू रुग्णालयात झाला तरी आणि बाहेर डॉक्टरने प्रमाणपत्र दिलं तरी. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा दाखला वेगळा, त्यावर कारण नसतं. ही प्रत वेगळी, तिच्यावर असतं. ती मागा, तिसरी ओळ वाचा, कळलं नाही तर डॉक्टरांना विचारा. तिला एक रुपयाही फी नाही.